सामाईक

घर दुमजली, लाकडी. टार्टूच्या सूपनगरीत,
जिथे रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत.
आमचा वाटाण्याचा. पलीकडचा बटाट्याचा.
वाटणी झाली तेव्हा आई वर राहिली, बाबा खाली.
जिना कोणाच्याच वाट्याला आला नाही.

संगणक बाबांचा, तेरा वर्षांचा,
जमीनमोजणीच्या नकाशांतून निवृत्त झालेला.
टाकू नका, म्हटलं, याचा सर्व्हर करते.
आई वरूनच ओरडली:
आणि विजेचं बिल कोण भरणार?

तळघरात ठेवण्याची सोय नाही.
एप्रिलात नदी येते. तिच्या नावातच आई आहे;
न विचारता आत शिरते, बटाटे भिजवून जाते.
म्हणून जिन्याखाली, स्कीच्या काठ्यांशेजारी,
दोन विटांवर.

झाकण उघडलं, तर पंख्यावर राखाडी नमदा:
अर्धी धूळ, अर्धी मुरीची लव.
मुरी जाऊन सहा वर्षं झाली.
ब्रशने अलगद सोडवली,
आणि तिचं काय करावं ते न सुचून
खिशात ठेवली.

ग्राफिक कार्ड काढलं, उगाच वीज खातं.
मॉनिटर काढला, कीबोर्ड काढला.
तोंड ना हात, नुसता गुणगुणणारा डबा.

दोन नव्या डिस्क, आरशासारख्या जोडलेल्या.
एकीवर लिहाल ते दुसरीवर आपोआप.
एक गेली तरी दुसरीला सगळं पाठ.
बाबांनी चष्मा वर केला: दोघींचं पटतं?
म्हटलं, त्यांना कोणी विचारत नाही.

पहिल्या रात्री तीनदा झोपला.
झोपायची सवय मोडावी लागली.
मग त्याला कायमचा पत्ता दिला, शेवटी पन्नास,
आणि राउटरला बजावलं, हा आकडा
दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही.

राहिल्या परवानग्या.
एन्नोचं एन्नोला. उर्वेचं उर्वेला.
तिसऱ्या फोल्डरच्या नावात अर्धी दुपार गेली.
'घर' लिहिलं, खोडलं.
'आपलं' लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी 'सामाईक'. विहीर असते तसं, बांध असतो तसं.
त्यात फोटो. बघा हवे तितके.
पुसता येणार नाहीत, कोणालाच.

आई रात्री जिन्यात आली, लोकरी मोज्यांत:
दोन हजार नऊचा जून पुसायचाय मला.
नाही पुसता येणार.
मी आई आहे तुझी.
हो. पण ॲडमिन मी आहे.
ती तिथेच पायरीवर बसली थोडा वेळ.
डब्याच्या बाजूने गरम वारा येत होता.

ऑक्टोबरात मी टाल्लिनला शिकायला आले.
जाताना दोघांना एकेक कागद दिला: पासवर्ड,
आणि बंद पडला तर कोणतं बटण किती वेळ दाबायचं.

आठवड्याने सामाईकमध्ये एक फाइल आली:
'लाकडांचं बिल, अर्धं तुझं'.
दुसऱ्या दिवशी तिचंच नाव:
'लाकडांचं बिल, अर्धं दिलं'.
मग 'लाकडांचं बिल, अर्धं दिलं, लाकडं ओली होती'.
मग 'बर्च ओलाच येतो, जानेवारीपर्यंत थांब'.
मग 'जानेवारीपर्यंत मी काय जाळू'.
सोळा वर्षं एका ताटाला जेवलेली माणसं
एका बिलाच्या माथ्यावर भांडत होती,
आणि बिल आत तसंच, साडेतीनशे युरोचं.

नाव फार लांबलं की यंत्र नकार देतं.
तेव्हा त्यांनी नव्या फाइली काढल्या.

काल एक दिसली, शून्य बाइटची.
उघडली, आत काहीच नाही.
जे होतं ते नावात:
'बीट उकडलंय, जास्त झालंय'.

मी स्वतःच्या नावापुढचा लिहिण्याचा हक्क काढून घेतला.
लेलो: फक्त वाचू शकते.
वसतिगृहात हीटर खडखडतो. जेवायला गेले,
परत आले, पुन्हा पाहिलं.
'बीट उकडलंय, जास्त झालंय, मीठ कमी आहे'.

नाव कोणी बदललं ते नोंदवहीत असतं,
तारीख, वेळ, वरचा मजला की खालचा.
मी नोंदवही उघडली नाही.